डबल शॉकर

गेले पंधरा दिवस मी भेटेल त्याला सांगत होतो, 'विंटेज फुल सस्पेन्शन माउंटन बाइकची फ्रेम रिस्टोअर करतोय.' पुण्याच्या मेव्हण्याला हे वाक्य फोनवर दोनदा ऐकवलं. आईने मात्र शेजारच्या काकूंना त्याचं भाषांतर करून सांगितलं, "गच्चीवरची शॉकरवाली सायकल खाली आणलीय. सध्या ऑफिसात काम नसेल."

नव्वदच्या दशकात ज्यांचे गुडघे फुटले, त्यांना डबल शॉकर समजावून सांगायला नको. पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, मधे वाकडी फ्रेम, रंग पोपटी आणि वजन म्हशीचं. सगळ्यांचे बाबा काळ्या सायकलींवर जायचे आणि मी ग्वाल्हेरच्या बिर्लानगरभर सीट दाबून दाखवत फिरायचो. आता खरं सांगायला हरकत नाही. त्या मागच्या शॉकरमध्ये ना तेल होतं, ना हवा, नुसती स्प्रिंग. ती खड्डे कमी खायची आणि माझी ताकद जास्त. पॅडल मारलं की अर्धा जोर पुढे, अर्धा खाली. पण सीट दाबली की 'चुंई' असा जो आवाज यायचा, त्यावर पोरं जीव टाकत.

हजिऱ्याचा मिस्त्री घरी आला, फ्रेम उलटी केली आणि अंगणातून ओरडला, "भाईसाब, आपकी बीबी जाम है! बरसों से किसी ने ध्यान ही नहीं दिया!"

आतून बायको म्हणाली, "खरंय."

पॅडलचा मधला एक्सल ज्यात फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटला मिस्त्री लोक बीबी म्हणतात, हे मी तिला आकृती काढून समजावलं. तोवर चहा एकच आला होता, मिस्त्रीचा.

बीबीला ग्रीस लागतं. ग्रीसवरून आठवलं. 1976 साली कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही पोरं जुन्या जाडजूड सायकली डोंगरावरून खाली सोडायच्या शर्यती लावत. मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की ग्रीस जळून धूर निघे आणि ते पुन्हा भरावं लागे. म्हणून त्या रस्त्याचं नावच 'रीपॅक' पडलं. माउंटन बाइकचं कुळ तिथलं. आमच्या ग्वाल्हेरात माउंटन एकच, किल्ला. त्याच्या उरवाई दरवाज्याच्या चढावर कड्यात कोरलेल्या पंधराव्या शतकातल्या प्रचंड जैन मूर्ती आहेत. त्या फोडायचा हुकूम आपण दिला, हे बाबराने स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे जैन मंडळींनी कित्येक मुखं चुन्या-गिलाव्याने पुन्हा घडवली. समंजस माणूस तिथे हात जोडतो. मी परवा वर पाहून मनात म्हटलं, 'आपण एकाच क्षेत्रातले!' खिशात पोपटी रंगाच्या डब्याची पावती होती.

तर सायकल. मागचा त्रिकोण ज्या पिनवर हलतो, तिथला बुश झिजून अंडाकृती झालेला. बाजारात तसा मिळेना. मिस्त्रीने एका खरादवाल्याकडे धाडलं. सत्तरी ओलांडलेले चाचा. पूर्वी जे. सी. मिलच्या वर्कशॉपमध्ये होते.

1921 साली सुरू झालेली जियाजीराव कॉटन मिल, म्हणजे आमच्या वस्तीचं घड्याळ. भोंगा झाला की फाटकातून काळ्या सायकलींचा लोंढा सुटायचा आणि आई कुकर चढवायची. नव्वदच्या दशकात मिल बंद झाली. लोंढा आटला. भर दुपारी मोठी माणसं ओट्यांवर बसलेली दिसू लागली. त्यांच्यासमोरून मी सीट दाबत, 'चुंई चुंई' करत जायचो. कुणी कधी काही बोललं नाही. आज वाटतं, एखाद्याने कान पिळायला हवा होता.

चाचांनी पिन कॅलिपरने तीन ठिकाणी मोजली, पितळेचा तुकडा खरादावर चढवला. मला गप्प बसवेना. म्हटलं, "चाचा, विंटेज है."

नजर न उचलता ते म्हणाले, "हाँ, हम भी."

बुश असा बसला की हाताने सरकला आणि पुन्हा हलला नाही. पैसे त्यांनी इतके कमी सांगितले की मला घासाघीससुद्धा करता आली नाही.

मागच्या रविवारी सायकल किल्ल्यावर नेली. वर जाताना ढकलत, खाली येताना ब्रेक धरून. माझं रंगकाम दुसऱ्या दिवशी एका कोपऱ्यात फुगलं. सायकलीत बघण्यासारखी एकच गोष्ट आहे, तो बुश, आणि तो बाहेरून दिसत नाही. 'चुंई' मात्र कायमचं गेलं. कुणी विचारलंच तर हल्ली मी 'शॉकरवाली सायकल' असं सांगतो.

पुण्याहून फोन आला, तर मात्र विंटेजच.