ओटीपी सांगा, धरण भरा

भूसंपादनात तंत्रज्ञान आलं, हे फार बरं झालं. पूर्वी मोजणीला माणसं यायची आणि गाव त्यांच्यापुढे आडवं पडायचं. 1921 साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर टाटांच्या धरणाचं काम असंच अडवलं होतं. आता ड्रोनपुढे आडवं कसं पडणार? पुरंदरच्या विमानतळासाठी 2025च्या मे महिन्यात ड्रोन मोजणी निघाली, तेव्हा ड्रोन वर, पोलीस खाली आणि मधे गावकरी, अशी सुटसुटीत रचना झाली.

ड्रोनची नजर मोठी तीक्ष्ण. विहीर, गोठा, बांध, काही सुटत नाही. सुटतो तो बांधावरचा माणूस. 2013च्या भूसंपादन कायद्याने जमीन नावावर नसलेल्या कुळाला, शेतमजुराला, गावातल्या कारागिरालाही बाधित कुटुंब मानलं आहे; तीन वर्षं त्या जमिनीवर पोट असलं की झालं. पण पोट वरून दिसत नाही. जमिनीच्या तुकड्याला आता 14 आकडी भू-आधार मिळतो. तुकड्यावरून उठलेल्याला प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळतो, तोही आजोबांच्या नावातली वेलांटी चुकली नसेल तर.

जमीन घेईपर्यंत उपग्रह, ड्रोन, नकाशे सगळे खडखडीत जागे असतात. निवाडा जाहीर झाला की त्यांना एकदम झोप येते. मग सर्व्हर डाउन, साहेब मीटिंगला, फाइल वर गेली. (ही फाइल मात्र ड्रोनलाही सापडत नाही, इतकी वर जाते.) कोयनेचं पाणी साठच्या दशकात अडलं. उठलेल्यांची तिसरी पिढी अजून प्रकल्पग्रस्तांच्या संकलन रजिस्टरात आपलं नाव शोधते आहे. पुनर्वसित गावठाणात द्यायच्या 18 नागरी सुविधा मोजायला कुणी एखादं ड्रोन पाठवेल का? स्मशानभूमीचा रस्ता आहे का नाही, एवढं तरी वरून नक्की दिसेल.

म्हणून आमची एक नम्र सूचना. गॅस सिलिंडर हातात पडल्याशिवाय आपण ओटीपी सांगत नाही. तसाच ओटीपी धरणाच्या दरवाजांना जोडा आणि तो प्रकल्पग्रस्तांच्या मोबाइलवर पाठवा. पर्यायी जमीन ताब्यात आली, नळाला पाणी आलं, शाळेत मास्तर आले, की मगच ओटीपी सांगायचा. तोवर दरवाजा बंद होणार नाही, पाणी चढणार नाही.

अभियंते म्हणतील, हे अशक्य आहे. कायदेपंडित म्हणतील, यासाठी दुरुस्ती विधेयक लागेल. काही लागत नाही. पाटबंधारे प्रकल्पात बुडिताच्या सहा महिने आधी पुनर्वसन पूर्ण झालं पाहिजे, असं 2013च्या त्याच कायद्याच्या 38व्या कलमात लिहिलेलं आहे.