लिंकवाले गुरुजी

जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी पूर्वी लांबूनच ओळखू यायचे. धोतर-टोपी गेली, काखेतली छत्री गेली, तरी चालण्यातला रुबाब तोच राहिला होता. हल्लीचे गुरुजी ओळखायचे ते मानेवरून. मान खाली, अंगठा वर-खाली, दुसरा हात खिशातल्या पॉवर बँकेवर. समोरून कुणी 'नमस्कार गुरुजी' म्हटलं, तर वर न बघता म्हणतात, 'ओके सर.' समोरचा गुराखी असो नाहीतर सरपंच, उत्तर तेच.

असे एक गुरुजी आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. बीड जिल्ह्यात डोंगराकडेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहेत. पहिली ते चौथी. दुसरे गुरुजी कधी प्रशिक्षणाला, कधी मतदार याद्यांना. म्हणजे शाळेला उरले हे एकटे, आणि त्यांच्यातलेही अर्धे मोबाइलमध्ये.

त्यांचा दिवस परिपाठाने सुरू होत नाही, ग्रुपने होतो. केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, मुख्याध्यापकांचा, पोषण आहाराचा, आणि या ग्रुपांवरचं काही नजरेतून सुटू नये म्हणून काढलेला आणखी एक. तिथे सकाळी 'अतितात्काळ' पडतं. 'सोबतच्या लिंकवर माहिती आजच दुपारी २ पर्यंत भरावी. माहिती निरंक असल्यास निरंक म्हणून कळवावे.' सोबतची लिंक येते दीडला. मागे एकदा शाळेच्या इमारतीत पुराचं पाणी शिरलं का, असं विचारलं होतं. गावाला तेव्हा पिण्याच्या पाण्याचा टँकर चालू होता. गुरुजींनी इमानदारीने निरंक भरलं. संध्याकाळी फोन आला, 'तुमचं निरंक पोचलं नाही.' रेंज नव्हती. मग गुरुजी पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढले आणि पूर नसल्याचं तिथून कळवून आले.

खरी मजा मुलांच्या नावांची. आता शिक्षकांची पदं आधार जुळलेल्या पोरांवर ठरतात. पोरगं रोज समोर बसून पाढे म्हणत असलं, तरी पोर्टलवर जुळत नसेल तर ते संचमान्यतेला नाही. आमच्या गुरुजींच्या वर्गात हजेरीत कोमल आहे, आधार कार्डावर कोमाल. एका कान्यापायी गुरुजींची झोप गेली आहे. अशा वेळी त्यांना जुन्या गुरुजींचं ऐश्वर्य आठवतं. त्यांनी काय करावं, पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का बघावं आणि रजिस्टरात १ जून लिहून टाकावं. आईला विचारायचं नाही, ओटीपी मागवायचा नाही. महाराष्ट्राची अख्खी पिढी अशी १ जूनला जन्माला आली आणि त्यातले नोकरदार पुढे ३१ मेला एकगठ्ठा निवृत्त झाले. ज्या हुद्द्याने गावाच्या गाव जन्माला घातलं, त्या हुद्द्याला आज एक काना पुसायचा अधिकार नाही.

कान्याची दुरुस्ती व्हायची ती आधार केंद्रावर. त्यासाठी बापाने वेळ घ्यायची, म्हणजे गुरुजींनी घ्यायची. ओटीपी मात्र जातो बापाच्या फोनवर, आणि बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला कोल्हापूरकडे. भिंत पातळ असल्यामुळे हा संवाद मी कानांनी ऐकला आहे.

'अरे, तुझ्या मोबाइलवर आकडे आले असतील, ते सांग.'

'कसले आकडे?'

'ओटीपी रे.'

'ब्यांकवाले म्हणत्यात, कुणाला सांगायचा नसतो.'

'अरे, मी गुरुजी बोलतोय!'

'तेबी असंच कुणीतरी होऊन बोलत्यात.'

बाप गुरुजींचाच विद्यार्थी. त्याने खात्री करून घ्यायला विचारलं, 'मग सांगा, चौथीत मला कशापायी मारलं होतं?' गुरुजींनी डोळे मिटले असावेत, कारण जरा शांतता झाली. मग म्हणाले, 'हेडमास्तरांच्या सायकलची हवा सोडली म्हणून.' पलीकडून आनंदाने ओरडल्याचं मलाही ऐकू आलं. 'आत्ता पटलं! घ्या लिहून.' तोवर ओटीपीची मुदत संपली होती.

दुसरा छळ फोटोंचा. शाळेत काही घडलं हे आता घडण्यावरून सिद्ध होत नाही, फोटोवरून होतं, आणि फोटोवर तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश हवेत. पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ. तो शिजला की ताटांचा फोटो, मग जेवणाऱ्यांचा आकडा ॲपवर, मग जेवण. पोरं इतकी तरबेज झाली आहेत की खिचडी समोर आली तरी घास उचलत नाहीत, गुरुजींचा मोबाइल खाली जायची वाट बघतात. 'एक पेड माँ के नाम'च्या वेळी आईसोबत रोप लावतानाचा फोटो चढवायचा होता. आया सगळ्या खुरपायला गेलेल्या. मग शाळेशेजारच्या एका आजी उभ्या राहिल्या, प्रत्येक पोराबरोबर, पदर नीट करून. एवढ्या वयात या बाईला पहिली-दुसरीतली इतकी पोरं कशी, असं पोर्टलने चुकूनही विचारलं नाही. पोर्टल विचारतं ते फाइल दोनशे केबीच्या वर का.

रात्री जेवणं आटोपली की सर्व्हर जरा हलका होतो म्हणतात. म्हणून गुरुजींचा खरा तास दहानंतर भरतो. वहिनींचा आवाज येतो, 'अहो, दूध उतू गेलं!' गुरुजी म्हणतात, 'फोटो काढून ठेव, आलोच.' पीडीएफ लहान करून द्यायचं काम लेकीकडे. ती अकरावीत आहे आणि तिचा दर ठरलेला आहे, एका पीडीएफला एक पाणीपुरी. पुतण्याच्या लग्नात किती माणसं येणार हे कळावं म्हणून गुरुजींनी भावकीला गुगल फॉर्म पाठवला. एका चुलत्यांनी 'वऱ्हाडी संख्या'समोर 'तुझ्या बापाला विचार' असं भरलं.

या सगळ्यावर मीठ चोळलं ते २०२० साली. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं. पुस्तकांना क्यूआर कोड जोडणारे म्हणून त्यांचं नाव झालेलं. त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांत वाटून टाकली. आमच्या गुरुजींना अभिमानाने भरून आलं होतं, पण पारावर बसलेल्यांनी लगेच विचारलं, 'तुमचं कधी, गुरुजी? मोबाइल तर तुमच्याबी हातात असतोच की.'

अन्याय नको म्हणून सांगतो, माणूस शिकवतो फार सुंदर. परवा काही कामाने शाळेत गेलो होतो. भागाकार चालला होता. चिंचोके मांडलेले, कोमल उर्फ कोमाल ते पाचांत वाटत होती आणि उरलेले दोन कुणाला द्यायचे यावर वर्गात खडाजंगी पेटली होती. 'आजीला द्या' असा एक पक्ष, 'परत झाडावर टाका' असा दुसरा. गुरुजी मधोमध मांडी घालून बसलेले, डोळे चमकत होते. एवढ्यात खिसा थरथरला.

लिंक होती. 'शिक्षकांचा अशैक्षणिक कामांत दररोज किती वेळ जातो? अतितात्काळ.' खाली पर्याय होते: निरंक, एक तास, दोन तास, त्याहून अधिक.

गुरुजींनी कित्येक वर्षांत पहिल्यांदाच मनापासून अंगठा उचलला आणि 'त्याहून अधिक' दाबलं. लगेच खाली नवी चौकट उघडली, कामनिहाय तपशील, एक्सेलमध्ये. त्याखाली दुसरी, प्रत्येक काम करतानाचा फोटो, अक्षांश-रेखांशासह. त्याखाली तिसरी, केंद्रप्रमुखांच्या सहीची पीडीएफ, दोनशे केबीच्या आत.

गुरुजींनी एकदा चिंचोक्यांकडे पाहिलं. मागे जाऊन 'निरंक' दाबलं, मोबाइल टेबलाच्या खणात टाकला आणि म्हणाले, 'हां, तर दोन उरले. पुढे?'