कार्बोरेटरची कैफियत

जुन्या मोटारीचे बोनेट उघडताच प्रथम दृष्टीस पडावे अशा उच्चासनावर बसण्याचे दुर्भाग्य ज्याच्या वाट्याला आले आहे, त्या कार्बोरेटरइतका निरुपद्रवी आणि तरीही ऊठसूट आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला जाणारा अवयव यंत्रसृष्टीत दुसरा नसावा. गाडी सुरू होत नाही, कार्बोरेटर उघडा. सुरू होऊन बंद पडते, कार्बोरेटर उघडा. धूर सोडते, पेट्रोल अधिक पिते, चढावर दम टाकते, मग तर विचारायलाच नको. याचे कारण यांत्रिक नसून निव्वळ सोयीचे आहे, असे माझे नम्र मत आहे. पिस्टनवर संशय घ्यायचा तर सबंध इंजिन सोडवावे लागते. कार्बोरेटर मात्र पान्याच्या चार हिसक्यांत हाती येतो. ज्याचा पत्ता ठाऊक असतो त्याच्यावरच समन्स बजावले जाते, हा बेलिफांचा जुना रिवाज फिटर लोकांनीही निष्ठेने पाळला आहे.

आमच्या मामांची मालमोटार ही दुसरे महायुद्ध संपल्यावर जे लष्करी सामान लिलावात निघाले त्यातून आलेली, कॅनडात बांधलेली शेव्हरोले होती. रणभूमीवरून निवृत्त होऊन ती कोल्हापूरच्या गुळाच्या सेवेत रुजू झाली, आणि शाहूपुरीतून गुळाचे रवे भरून मलकापूर, आंबा, साखरपा या मार्गाने रत्नागिरीस उतरणे व येताना नारळाची पोती घेऊन तोच घाट चढणे हा तिचा नित्यक्रम झाला. तिचे मूळ इंजिन सहा सिलिंडरांचे, २१६ घनइंचांचे. त्याच्या बेअरिंगांना पांढऱ्या मिश्रधातूचे ओतीव अस्तर असे, आणि कनेक्टिंग रॉडच्या बुडाशी बसवलेली पळी तेलात बुडी मारून जेवढे उचलील तेवढ्या तेलावर त्यांनी गुजराण करावी, अशी कारखानदारांची व्यवस्था होती. सपाटीवर हा कारभार बरा चाले. परंतु वर्षानुवर्षे भरल्या अंगाने घाट चढून अखेर रॉड ठोकू लागले, आणि तो ठोका एके दिवशी असा काही स्पष्ट झाला की मामांसारख्या आशावादी मनुष्यासही इंजिन बदलण्याचा निर्णय घेणे भाग पडले.

नवे म्हणून जे इंजिन आणले तेही अर्थात जुनेच होते. अपघातात सापडलेल्या एका गाडीतून निघालेले ते २३५ घनइंचांचे, १९५४ सालच्या घडणीचे इंजिन. त्यात पंपाच्या दाबाने तेल थेट बेअरिंगापर्यंत पोहोचविण्याची सोय होती. एकाच घराण्यातील असल्यामुळे ते जुन्याच्या जागी बिनतक्रार बसेल, असा सर्वांचा समज होता. परंतु एकाच घराण्यातील माणसे एका घरात बिनतक्रार बसत नाहीत, तेथे इंजिनांची काय कथा! पंखा रेडिएटरला घासू लागला, पाण्याचा पंप फेरफार करून बसवावा लागला, आणि जुन्या इंजिनाचा कार्बोरेटर ‘चांगला आहे’ या सबबीवर नव्या इंजिनाच्या गळ्यात घालण्यात आला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यान्वये नव्या इंजिनाचा नंबर नोंदणीपत्रकावर चढवून घेण्यासाठी मामांनी जो अर्ज गुजरला, त्याचा प्रवास आंबा घाटाहून खडतर झाला. पण तो मुद्दा येथे तहकूब ठेवतो.

या मंगल प्रसंगी गाडीचा इतरही सन्मान झाला. बोनेटास हिरवा रंग लागला, ड्रायव्हरच्या बैठकीस नवे रेक्झिन मिळाले, आणि पेट्रोलच्या टाकीच्या तोंडात आजवर जो चिंधीचा बोळा कोंबलेला असे तो मामांनी स्वहस्ते काढून फेकून तेथे रबरी वायसराचे, घट्ट आट्यांचे, चकचकीत पितळी झाकण बसविले. असल्या इंजिनाला बोळा शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

पहिल्या खेपेस गाडी रत्नागिरीस एखाद्या नववधूच्या नम्रतेने उतरली. येताना मात्र साखरपा मागे टाकून घाटाला लागते न लागते तोच ती मिसिंग मारू लागली, दोनदा कार्बोरेटरमधून शिंकली आणि रस्त्याच्या मधोमध निश्चल झाली. सोबत फिटर होताच. त्याने बोनेट वर केले, क्षणभर चिंतन केले आणि निकाल दिला, “मालक, जेटात कचरा आलाय.” जेट काढला, फुंकला, सूर्याकडे धरून पाहिला, पुन्हा बसविला; गाडी सुरू झाली. फिटरने मामांकडे असे पाहिले की त्यांनी न मागता त्याला चहा पाजला. पाऊण घाट चढल्यावर गाडी पुन्हा थांबली, आणि पुन्हा कचरा आला.

कार्बोरेटरचे तत्त्व वास्तविक फार साधे आहे. नळीचा गळा आवळला की त्यातून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो व दाब घटतो, हे व्हेन्तुरी नामक इटालियन पंडिताने मोटारी जन्मण्याच्या कितीतरी आधी दाखवून दिले होते. त्या गळ्यात जेटचे तोंड उघडले की फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल बाहेरच्या हवेच्या दाबाने वर ढकलले जाते व त्याचे तुषार होतात. बुडापेस्टमधील एका फुलवालीला तोंडाने पाण्याचे तुषार उडविताना पाहून बांकी व चोंका या दोन हंगेरियन गृहस्थांना ही युक्ती सुचली, अशी आख्यायिका आहे. त्यांचे पेटंट १८९३ चे. वजनाने सुमारे पंधरा भाग हवा व एक भाग पेट्रोल एवढे प्रमाण राखणे, म्हणजे एका गॅलनामागे जवळजवळ ९,००० गॅलन हवेचा हिशेब ठेवणे, हे या वीतभर यंत्राचे काम. एवढा हिशेब इतक्या चोखपणे ठेवणारा कारकून कोणत्याही कचेरीत सापडणे दुर्मिळ, आणि सापडलाच तर अफरातफरीचा पहिला आळ त्याच्यावरच यायचा.

पुढील खेपांत सल्लागारांची संख्या नारळांच्या पोत्यांच्या प्रमाणात वाढत गेली. विजेच्या मिस्त्रींचे म्हणणे असे की कार्बोरेटरचे म्हणून सांगितले जाणारे बहुतेक रोग डिस्ट्रिब्युटरचे असतात. त्यांनी पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, आणि एक-पाच-तीन-सहा-दोन-चार हा ठिणग्यांचा क्रम मंत्रासारखा पुटपुटत सगळ्या वायरी तपासल्या. शाळेतले एक गुरुजी म्हणाले, उंचीवर हवा विरळ होते म्हणून मिश्रण घट्ट होते; तत्त्व निर्विवाद होते, परंतु आंबा घाट म्हणजे हिमालय नव्हे. मलकापूरच्या एका जुन्या ड्रायव्हरने पेट्रोलच्या नळीत उष्णतेने वाफ कोंडते असे सांगून तिच्यावर ओले फडके गुंडाळविले. खऱ्या कामाचे बोलले ते एक लष्करातून आलेले हवालदार. त्यांनी प्लग काढून पाहिले. ते तपकिरी असावेत ते पांढरे फटक होते. “इंजिन मोठं आणि जेट धाकट्याचा. उपाशी मारताय की त्याला!” जेट मोठा घातला. शिवाय ॲक्सिलरेटरचा जुना दांडा आखूड पडत असल्यामुळे पाय तळाशी टेकला तरी गळ्यातली झडप अर्धीच उघडत होती, हेही त्यांनीच दाखविले. या दोन दुरुस्त्यांनी गाडीचे पिकअप असे सुधारले की ती पूर्वी जेथे बंद पडत असे, तेथे आता अधिक वेगाने येऊन बंद पडू लागली.

बाजारपेठेतील एका व्यापाऱ्यांनी तर पेट्रोलचे इंजिनच काढून पर्किन्सचे डिझेल टाकण्याचा सल्ला दिला. डिझेलला कार्बोरेटरच नसतो, हे खरे; परंतु संसारातील कटकटींवर संन्यास सुचविण्यासारखाच तो प्रकार होता, आणि नुकताच खर्च झालेल्या मनुष्यास संन्यासही परवडत नाही.

यातील खरी आपत्ती अशी की प्रत्येक उपाय लागू पडे. जेट फुंकला, गाडी चालली. पॉइंट घासले, चालली. ओले फडके, चालली. एकदा तर वळणावरच्या म्हसोबाला नारळ फोडला, तेव्हाही चालली, आणि मामांच्या मते तोच उपाय सर्वांत स्वस्त होता, कारण नारळ गाडीतच होते. प्रत्येक वैद्यापाशी बरा झालेला रोगी हजर असल्यामुळे कोणाचाच दावा खारीज करता येईना. प्रत्येक उपचारास अर्धा-पाऊण तास लागत असे, ही एकच गोष्ट सर्वांच्या साक्षीत समान होती, आणि तिची नोंद कोणीही घेतली नव्हती.

अखेर उलगडा केला तो क्लीनर पोराने, आणि तोही त्याचे लक्ष भलतीकडे असताना. घाटात गाडी थांबली, फिटर नित्याप्रमाणे बोनेटात शिरला, आणि पेट्रोल किती उरले ते काडी घालून पाहावे म्हणून पोराने टाकीचे पितळी झाकण फिरविले. झाकणाखालून असा दीर्घ फूत्कार निघाला की पोराने काडी टाकून रस्त्याच्या कडेला उडी मारली. “मालक, टाकीत जनावर हाय!” मामा धावले. जनावर नव्हते, हवा होती, आणि ती बाहेर येत नसून आत शिरत होती.

टाकीतून जेवढे पेट्रोल जाते तेवढी हवा तिच्यात शिरावी लागते. चिंधीच्या बोळ्यातून ती खुशाल शिरत असे. पितळी झाकणाने मात्र टाकीला असा कडेकोट बंदोबस्त घातला की चढावर इंजिन जोराने पेट्रोल मागू लागले की आत पोकळी वाढत जाई, आणि काही वेळाने पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचे काही चालेनासे होई. गाडी उभी राहिली की आट्यांच्या फटींतून हवा हळूहळू झिरपे, आणि त्या वेळी जो कोणी जे काही करीत असेल त्याला यश मिळे. झाकणास बारीक भोक पाडताच गाडी साखरप्याहून निघून थेट आंब्याच्या चहाच्या दुकानापुढे थांबली, आणि तीही चहासाठी.

फिटरला हा निवाडा मान्य झाला नाही. झाकणाचे ठीक आहे, पण एकदा कार्बोरेटर उघडून पाहायला हवा, असे तो म्हणत राहिला. पुढे वार्षिक पासिंगच्या वेळी तपासणीस साहेबांची दृष्टी नेमकी त्या भोकावर गेली. पेट्रोलच्या टाकीस भोक म्हणजे अग्निप्रलयास आमंत्रण, असा शेरा त्यांनी कागदावर मारला. तेव्हापासून पासिंगच्या आदल्या रात्री मामा ते भोक मेणाने बुजवीत व दाखला हाती पडताच टाचणीने मोकळे करीत. एका वर्षी टाचणी घरी राहिली, मेण तसेच राहिले, आणि गाडी भर घाटात उभी राहताच फिटरने मोठ्या समाधानाने पाना काढला.