चौथी प्रत

कायद्याने आमच्या कर्जत-खालापूरच्या वाचनालयांना तीन प्रतींचं दान दिलंय. 1957चा कॉपीराइट कायदा, कलम 52. पुस्तक भारतात विकत मिळत नसेल, तर नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी त्याच्या फार तर तीन प्रती काढता येतात. चौथी काढली की आम्ही चोर.

तीनच का, ते कलम सांगत नाही. आम्ही हिशेब लावला. एक वाळवीला, एक आषाढातल्या गळतीला, आणि एक त्या सभासदाला, जो पुस्तकासकट बदलापूरला राहायला गेला. वाचकाची प्रत चौथी.

त्याआधी एक किरकोळ काम. पुस्तक भारतात कुठेच विकत मिळत नाही, याची खात्री करायची. आमच्या ग्रंथपालबाई अर्धवेळ. कर्जत स्टेशनसमोरून सुरुवात करतील. तिथे गाइडं आणि वह्या मिळतात. मग नेरळ, खोपोली, पनवेल, मग उरलेला भारत. गुवाहाटीच्या एखाद्या दुकानात एक प्रत निघाली की आमच्या तिन्हींवर पाणी. शिवाय दिवाळीआधी आम्ही रद्दी विकतो, तो नफा धरायचा का?

बरं, लेखक गेला म्हणून पुस्तक सुटत नाही. कॉपीराइटची मृत्यूनंतरची 50 वर्षं 1992 साली 60 केली. प्रकाशन बुडालं, वारसांचा पत्ता नाही, कुणाला दमडी मिळत नाही, तरी पहारा चालूच! 2012च्या दुरुस्तीने जतनासाठी संगणकात साठवायची मुभा दिली, पण कागदी प्रत आधी जवळ हवी. म्हणजे वाळवीच्या आधी स्कॅनर पोचायला हवा. आणि इथे अनुदानच वाट बघायला लावून येतं. सुट्टीत वाचनकट्ट्याला ठाकरवाडीतली वीस पोरं येतात. तीन प्रती तिघांच्या हातात गेल्यावर चौथ्या पोरीला काय सांगू? ‘बाळ, लेखक जाऊन 41 वर्षंच झालीत, 19 वर्षांनी ये’? लेखकाच्या पोटावर पाय येत असेल तर झेरॉक्सला हात लावणार नाही, वर्गणी काढून पुस्तक विकत घेऊ. पण विकायचंही नाही आणि वाचूही द्यायचं नाही, ही कसली राखण?

छापा, नाहीतर छापू द्या. दोन्ही जमत नसेल, तर बाईंना गुवाहाटीचं तिकीट काढून द्या. परतीचंसुद्धा, सोमवारी वाचनालय उघडायचं असतं.