निळ्या बाटलीचं काय करायचं?

आखनमध्ये काचेच्या बाटल्या टाकायला रस्त्याच्या कडेला टाक्या असतात. एक बिनरंगी काचेची, एक तपकिरी, एक हिरवी. बाटली निळी असेल तर? जर्मनीत त्याचंही उत्तर तयार आहे: हिरवीत टाका. हिरव्या काचेच्या रसात परका रंग थोडाफार खपून जातो. रविवारी मात्र कुठलाच रंग खपत नाही, कारण आवाज होतो.

वेब अ‍ॅप्लिकेशन लिहिणारे ज्याला ‘एनम’ म्हणतात, ती अशीच मोजक्या पर्यायांची यादी. ऑर्डरची स्थिती घ्या: नवीन, पाठवली, पोचली. डेटाबेसात बहुधा नुसते ०, १, २ जातात आणि त्या आकड्यांना माणसांत आणायचं काम व्ह्यूकडे, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या भागाकडे असतं. आखन तीन देशांच्या सीमेवरचं गाव. तोच १ जर्मन, डच आणि फ्रेंच गिऱ्हाइकाला आपापल्या भाषेत वाचता यायला हवा. म्हणून मॉडेलने, म्हणजे डेटा सांभाळणाऱ्या भागाने, आकडा सांभाळावा, नावाचं व्ह्यूने बघावं.

गडबड होते ती मध्येच कुणी घुसलं की. वेब अ‍ॅप्लिकेशन लिहायच्या ‘रेल्स’ या चौकटीत २०१४ साली एनम आलं. नुसती यादी लिहिली की आकडे क्रमाने आपोआप मिळतात. मग एखादा उत्साही माणूस ‘नवीन’च्या पुढे ‘बांधली’ घालतो आणि पाठवलेल्या ऑर्डरी परत बांधल्या जातात, कधीच्या पोचलेल्या पुन्हा वाटेला लागतात. डेटाबेसातला एकही आकडा हललेला नसतो, फक्त अर्थ सरकलेला असतो. म्हणून जाणती माणसं प्रत्येक नावापुढे आकडा लिहून ठेवतात आणि नव्याला पुढचा मोकळा आकडा देतात. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या एनममध्ये तर आलेलं नाव काढताही येत नाही. आलेला सोयरा कायमचा!

काही याद्या संपल्याच आहेत असं आपण धरून चालतो. लिंगाचा विषय कित्येकांनी ‘स्त्री आहे का? हो / नाही’ एवढ्यात मिटवला होता. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २०१७ साली याच विषयावर निकाल दिला आणि डिसेंबर २०१८ मध्ये जन्मनोंदीत ‘डिवर्स’ हा पर्याय आला. हो-नाहीच्या रकान्यात तिसऱ्याला बसवणार कुठे?

पण एनमची खरी परीक्षा घ्यावी ती मराठी माणसांनीच. परदेशातल्या एखाद्या सहलीच्या जेवणासाठी फॉर्म करून बघा: शाकाहारी, मांसाहारी, इतर. उत्तरं येतात, ‘सोमवार-गुरुवार सोडून’, ‘बाहेर चालतं, घरी नाही’, ‘आमच्या ह्यांना विचारून सांगते’, ‘अंडं नको, केकातलं चालेल’. सगळे ‘इतर’मध्ये जाऊन बसतात आणि बाकीचे रकाने ओस पडतात. ‘इतर’ सगळ्यांत फुगलं की समजावं, लोक बरोबर आहेत, यादी चुकली आहे. अशा वेळी ‘केकातलं अंडं’ हा रीतसर पर्याय करावा, त्याला ३ हा आकडा द्यावा आणि ४ मोकळा ठेवावा. चातुर्मास लागायचाच आहे.