सोवळ्यातली वायर

निवृत्तीनंतर माणसाने काशीला जावं. आम्ही एल्खार्टला गेलो. इंडियानातलं हे गाव म्हणजे अमेरिकेतल्या मोटरहोमची पंढरी. कारखाने तिथेच, विक्रीची दुकानं तिथेच, या गाड्यांचं संग्रहालयसुद्धा तिथेच. येताना तीन मालकांचे संसार पाहिलेलं, २००३ सालचं एक मोटरहोम घेऊन आलो.

"चाकांवरचं वन बीएचके," ही म्हणाली. "सोसायटी नाही, मेंटेनन्स नाही."

यातलं पहिलं खरं निघालं.

या घरात टीव्ही ड्रायव्हरच्या वर असतो. विंडशील्डच्या माथ्यावर एक कपाट, त्यात २७ इंची, पाठीला कुबड आलेला, चाळीसेक किलोंचा टीव्ही. टांगती तलवार निदान वजनाला हलकी असते! तो काढून चपटा टीव्ही लावायचा, एवढंच काम. "शनिवारी दुपारी उरकतो," मी म्हणालो. कुठल्या शनिवारी ते सांगितलं नव्हतं, हे पुढे फार उपयोगी पडलं.

शेजाऱ्याला हाताशी घेऊन ते धूड उतरवलं, आणि मागून वायरींचा असा लोंढा बाहेर आला की शेवयांचा डबाच उपडा झाला. आत व्हीसीआर, त्याच्या डोक्यावर डीव्हीडी, पलीकडे डिशचा खोका. १२ जून २००९ला अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झालं, तेव्हा जुन्या टीव्हीला नवी भाषा समजावून सांगायला नेमलेला एक कन्व्हर्टर. या सगळ्यांत मध्यस्थी करणारा बटणांचा आणखी एक खोका. प्रत्येक मालकाने नवी वायर ओढली होती, जुनी कुणीच काढली नव्हती. सातबाऱ्यावर वारसांची नावं चढत जावीत आणि गेलेल्यांची कमी होऊ नयेत, तसं.

एका कोपऱ्यात छपरावरच्या अँटेनाच्या बूस्टरचं बटण होतं. ते चालू केलं की अँटेना लागते. पण मुक्कामाच्या पार्कातली केबल जोडली असेल, तर ते बंद केल्यावरच टीव्ही चालू होतो. असा स्वभाव मी आजवर फक्त आमच्या थोरल्या काकांचा पाहिला होता.

माझं विजेचं शिक्षण साताऱ्यात, वडिलांच्या हाताखाली झालेलं. लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी म्हणजे अर्थिंग, आणि टेस्टर लावल्याशिवाय बापावरही विश्वास ठेवायचा नाही. इकडे आल्यावर कळलं की अमेरिकेतल्या घरात काळी हीच फेज, न्यूट्रल पांढरी. मोटारीत मात्र काळी म्हणजे निगेटिव्ह. आता मोटरहोम हे घरही आणि मोटारही. पार्कातून येणारे १२० व्होल्ट आणि बॅटरीचे १२ व्होल्ट एकाच कपाटात भिंतीला भिंत लावून राहतात. त्यात आमच्या गाडीत बॅटरीची काळी चक्क पॉझिटिव्ह निघाली. एकच रंग, तीन घराणी, आणि कुणाच्याच कपाळावर गोत्र लिहिलेलं नाही.

मी बाहेरून येणारी वीज तोडली, बॅटरी तेवढी चालू ठेवली आणि मीटर घेऊन एकेका वायरीची नाडी बघू लागलो. बारा दाखवेल ती जिवंत, शून्य दाखवेल ती मेलेली. मेलेल्या अकरा वायरी मोठ्या समाधानाने कापल्या. नवा टीव्ही लागला. आता एक सरळ एचडीएमआय केबल, बस्स. व्हीसीआरच्या जागेत हिने कुकर आणि भाजणीचा डबा बसवूनही टाकला.

रात्री गाडी जागेवर लावताना शेजारी ओरडला, "अरे, तुझ्या कपाळावरचे दिवे गेले की!" गाडीच्या माथ्यावर पाच नारिंगी दिवे असतात. त्यांची वायर त्याच कपाटातून जात होती. दुपारी हेडलाइट बंद होते, म्हणून तिच्यात शून्य. ती मेली नव्हती, झोपली होती. अकराही प्रेतं कचऱ्याच्या डब्यातून काढून ओळख पटवण्यात पुढचा शनिवार गेला.

राहिली ती बारावी. तिच्यावर आधीच्या कुणीतरी पिवळी पडलेली चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, कापू नका. मीटर शून्य दाखवतो. ती येते कुठून दिसत नाही, जाते कुठे कळत नाही. हेडलाइट लावून पाहिले, वायपर फिरवले, हॉर्न वाजवला. ती ढिम्म.

"अहो, कापून तर बघा," ही म्हणाली.

आमच्या घरी देव्हाऱ्यात एक तांब्या होता. त्याला हात लावायचा नाही, असं आईला तिच्या सासूने सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूने. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तर सगळ्या पाळत होत्या.

मी वायर पुन्हा नीट गुंडाळून ठेवली. जुनी चिकटपट्टी सुटायला आली होती, म्हणून नवी लावली आणि मार्करने वळणदार देवनागरीत लिहिलं, हात लावू नये. पाचवा मालक येईल तेव्हा त्याला एक अक्षर वाचता येणार नाही, पण तो कापणार नाही याची मला खात्री आहे.

सकाळी पाहिलं तर शेजारच्या डब्यावरही एक चिकटपट्टी होती. अक्षर हिचं. "उपासाची भाजणी. मीटरसुद्धा लावू नये."