हयातीचा दाखला

नोव्हेंबर महिना आला म्हणजे सेवानिवृत्त मनुष्यास आपण जिवंत असल्याचे सरकारास कळवावे लागते, आणि या कामी त्याचे स्वतःचे म्हणणे पुरावा म्हणून ग्राह्य धरले जात नाही, यात मला कधीच काही गैर वाटले नाही. उलट, जिल्ह्याच्या अभिलेखकक्षात उभी नोकरी काढल्यामुळे, जो मनुष्य कागदावर नाही तो मुळी नाहीच, या सिद्धांतावर माझी अढळ निष्ठा बसलेली. बँकेतील यादीत आपल्या नावासमोर सही ठोकून बाहेर पडताना मला दरवर्षी थोडे अधिक जिवंत झाल्यासारखे वाटत असे. यंदा मात्र नातीने फर्मावले, की आबा, रांगेत उभे राहायचे नाही, ते आता फोनवरून होते. 'जीवन प्रमाण' ही सोय २०१४ पासून उपलब्ध आहे आणि आता तिला अंगठाही लागत नाही, नुसता चेहरा पुरतो, हे सांगून तिने फोन माझ्या तोंडासमोर धरला. मी हयातीस शोभेल अशी प्रसन्नगंभीर मुद्रा धारण केली. यंत्रास मुद्रेचे कौतुक नव्हते. त्याने मला डोळे मिचकावण्याची आज्ञा केली. सरकारी नोकरीत मी कधी डोळेझाक केली नाही, असे माझे मित्रसुद्धा म्हणणार नाहीत. परंतु ती सदैव तोंडी सूचनेवरून होत असे. खुद्द सरकारने रीतसर, लेखी, डोळे मिटण्याचा हुकूम द्यावा, हा योग पेन्शनीत यायचा होता.

मी कोण होतो, हे येथे सांगणे प्राप्त आहे. न विचारता सांगण्याची ही सवय मला निवृत्तीनंतर जडली, कारण विचारणारे उरले नाहीत. एरवी एक काळ असा होता, की अमुक गावच्या अमुक जमिनीचा फेरफार कोणत्या मांडणीवर, कितव्या फळीवर आणि कोणत्या रुमालात बांधलेला आहे, हे खुर्चीवरून न उठता सांगणारा इसम साऱ्या जिल्ह्यात एकच होता, आणि कलेक्टरसाहेब बदलून येत-जात, पण तो इसम बदलत नसे. नामांकित वकील माझ्यासाठी चहा मागवीत. मला पाहून माणसे उठून उभी राहत, त्याला मी वर्षानुवर्षे आदर समजत आलो. ती माणसे माहितीला मान देत होती आणि माहिती त्या वेळी योगायोगाने माझ्या डोक्यात मुक्कामाला होती, हा भेद कळण्यास निवृत्तीचा आदेश हातात पडावा लागला.

रुमालाविषयी मात्र मला थोडे सविस्तर लिहिलेच पाहिजे. ज्यांना घाई असेल त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे, जरी तसे करणाऱ्यांविषयी माझे मत फारसे चांगले राहणार नाही. कागद दमटपणापासून, वाळवीपासून आणि मुख्यतः कारकुनापासून जपावा म्हणून त्याचा गठ्ठा जाड कापडाच्या चौरस तुकड्यात आवळून बांधावयाचा, ही पद्धत आमच्याकडे फार जुनी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो रुमाल आहेत, आणि त्यांतील बहुतेक कागद मोडीत आहेत. इंग्रज सरकारने हे दफ्तर अभ्यासकांना दीर्घकाळ मोकळेपणी पाहू दिले नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तर गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरून आणि फडताळांतून कागद मिळविले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' २२ खंडांत छापून काढली. पुढे दफ्तराचे दार उघडले तेव्हा आत जाऊन बसले ते रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई. जन्म १८६५चा, बडोद्याची चाकरी आटोपून निवृत्त झालेले. ज्या वयात सभ्य गृहस्थ गुडघ्यांविषयी बोलू लागतो, त्या पासष्टीच्या उंबरठ्यावर हा मनुष्य त्या धुळीत उतरला, आणि १९३० ते १९३४ या अवधीत पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग बाहेर पडले. शोधाची खिडकी नाही, कळफलक नाही. रुमाल सोडावा, वाचावा, टिपण करावे, पुन्हा बांधावा. अभ्रकाच्या पत्र्यांत गुंडाळल्यासारख्या त्या चुरचुरणाऱ्या कागदांचा वास ज्याच्या नाकात एकदा शिरला, त्याला पुढे दुसरे कोणतेही अत्तर रुचत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. महाराष्ट्रात कागदपत्रांच्या सेवेत ज्यांनी देह झिजविला त्यांत पहिले नाव राजवाड्यांचे, दुसरे सरदेसायांचे. तिसरे मी विनयामुळे घेत नाही.

तर असा मी, आणि माझी नात. गावच्या जमिनीचा सातबारा हवा होता. माझ्या हिशेबाने त्यासाठी तालुक्यास एक खेप, तलाठ्याची एक मनधरणी आणि एक 'उद्या या' इतके किमान आवश्यक. नातीने १५ रुपये भरून, डिजिटल सहीचा उतारा, माझ्या चहावर साय धरण्याच्या आत समोर ठेवला. मी तो उलटसुलट पाहिला, निष्कारण चष्मा पुसला, आणि "शिक्का कुठे आहे?" असे विचारले. शिक्क्याची जरूर नसते, ती म्हणाली. ज्या मनुष्याच्या आयुष्यातील अर्धा रोब शिक्क्यात होता, त्याच्यासमोर असली वाक्ये जरा जपून उच्चारावीत, एवढे संस्कार हल्ली होत नाहीत.

तिच्या पिढीत मला एकच मोठी न्यूनता दिसते: तिला नाश करता येत नाही. आमच्या शास्त्रात 'अ' वर्गाचा कागद कायम, 'ब' वर्गाचा ३० वर्षे, 'क' वर्गाचा १० आणि 'ड' वर्गाचा १ वर्ष ठेवावा, मग यादी करून नष्ट करावा, असा दंडक होता. काय ठेवावे याइतकेच काय ठेवू नये हेही आम्ही शिकलो. नातीच्या फोनात तिने खाल्लेल्या प्रत्येक मिसळीचे छायाचित्र 'अ' वर्गात आहे. उलट बँकेचा ओटीपी, ज्यावर माझे सारे पेन्शन अवलंबून, तो इतक्या अल्पायुषी वर्गातला, की मला चष्मा सापडेपर्यंत त्याचे आयुष्य संपते.

चिरंजिवांविषयी लिहिण्यासारखे विशेष नाही. त्यांना दोन्ही बाजूंनी हाका येतात: कचेरीतून फोनवर आणि घरातून फोनबद्दल.

खरा अपमान केला तो आमच्या सौभाग्यवतींनी. तिचे शिक्षण सातवीपर्यंत; माहितीचा अहंकार तिच्या ठायी कधी नव्हताच, त्यामुळे न येण्याची लाजही नव्हती. नातीने तिला एकदाच दाखविले, की टंकण्याची गरज नाही, बोलले तरी चालते, तेव्हापासून ती स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवून उभा करते आणि विचारते, "अहो, अनारशाचं पीठ सैल झालं तर काय करायचं?" तो उत्तर देतो. आता, 'अहो' ही हाक आमच्या घरात लग्नापासून निर्विवाद माझ्या मालकीची होती. तिच्यात एका वस्तूची भागीदारी अशी बिनबोभाट, माझा हरकत-अर्ज न मागविता, दाखल व्हावी? पहिल्या दिवशी तर मी बाहेरच्या खोलीतून दोनदा 'ओ' दिली. अनारशांतले मला काही कळत नाही, ही गोष्ट येथे गौण आहे.

निवृत्त महसूल बांधवांचा एक समूह फोनवर आहे, त्यात मी हौसेने दाखल झालो. तिथले वर्तन पाहून मी अंतर्मुख झालो. मृत्यूचा मूळ दाखला, प्रतिज्ञालेख आणि चौकशीचा जबाब यांवाचून ज्यांनी सख्ख्या मुलालाही बापाचा वारस मानले नाही, असे एकेक करारी गृहस्थ, युनेस्कोने आपले राष्ट्रगीत जगात सर्वोत्कृष्ट ठरविल्याची वार्ता दर ऑगस्टात नव्या उमाळ्याने पुढे पाठवितात. युनेस्को असला निवाडा देत नाही. पण ज्या पत्रास जावक क्रमांक नाही, सही नाही, तारीख नाही, ते पत्र नोकरीत असताना ज्यांनी चिमट्यानेही उचलले नसते, त्यांचाच अंगठा येथे इतका उदार कसा झाला, याचे मला नवल वाटते. कदाचित उभ्या आयुष्यभर दुसऱ्यांवर अविश्वास ठेवून ठेवून माणूस थकत असेल, आणि पेन्शनीत विश्वास ठेवण्याची राहिलेली रजा एकदम उपभोगत असेल.

एकदा कृष्णेच्या पुराचे म्हणून असेच एक छायाचित्र समूहावर आले, ते मी नातीस दाखविले. तिने पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, "आबा, हे आलं कुठून? मूळ कुठंय?" मी चमकलो. हा प्रश्न माझा! हाच विचारून मी जिल्ह्यातील अर्जदारांना रडकुंडीस आणीत असे. तिने ते चित्र फोनातच कुठे लावले, मूळ शोधले. नदी भलत्याच देशातली निघाली. जिला स्वतःच्या बापाचा फोन नंबर पाठ नाही, तिच्यात दफ्तरदाराचा हा अंश आला कोठून, याचा मी रात्रभर विचार केला आणि अखेर पंचनाम्यावाचून तिची वारसनोंद मंजूर केली.

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून संताप येतो. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंचा अंगठा रेशन दुकानातील यंत्रावर उमटेना. लोकांची भांडी घासून घासून त्या बोटांवरच्या रेषाच पुसट झाल्या आहेत. यंत्र म्हणे, ही ती नव्हे. अंगठा न जुळल्यास अन्य मार्गाने ओळख पटविण्याची तरतूद आहे, हे मला ठाऊक होते आणि दुकानदारालाही. पण 'सर्व्हर डाउन' हे वाक्य त्याला पाठ होते. 'साहेब दौऱ्यावर आहेत' या आमच्या वाक्याचे ते थेट औरस अपत्य, त्यामुळे मी त्याला तत्काळ ओळखले. मी दुकानात जाऊन, आवाजास जुना भार देऊन, म्हणालो, "मी यांना ओळखतो. माझ्या घरी कित्येक वर्षे आहेत." तो गृहस्थ उद्धट नव्हता. मापातले गहू खाली ठेवून नम्रपणे म्हणाला, "काका, तुम्ही ओळखून काय उपयोग?"

दस्त नोंदविताना पक्षकारास ओळखणारे दोन साक्षीदार उभे करावे लागत, आणि मी 'समक्ष ओळखतो' म्हटले की तो दस्त मार्गी लागे. माणसाने माणसाची ग्वाही द्यावी, ही व्यवस्था सदोष होती. तिच्यात लाच होती, वशिला होता, माझ्यासारख्याचा तोरा होता. तरीही ज्या बाईला सारी आळी हाक मारते, तिने काचेच्या तुकड्यापुढे पुन्हा पुन्हा अंगठा दाबीत, रांगेतल्या लोकांकडे ओशाळून पाहावे, आणि आम्ही सर्वांनी ओळखत असून गप्प उभे राहावे, याला सुधारणा म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही. पुढे नातीनेच तिला आधार केंद्रात नेले, फोन नंबर जोडून घेतला, आणि काही दिवसांनी ओटीपीवर धान्य मिळाले. त्या खटपटीत आपला उपयोग झाला असे दाखविण्यासाठी मी बरोबर जाऊन बाकावर बसलो होतो.

असो. सातबाऱ्यावर कोणाचे नाव कमी झाले हे फोन सांगतो. थोरल्या भावाने आपला हिस्सा का सोडला, कोणत्या लग्नात कोण रुसले, आणि विहिरीचा निम्मा हक्क कागदावर का चढला नाही, हे अद्याप तेथे चढलेले नाही. तरी ज्या वाचकांच्या घरी जुन्या फेरफाराचे कोडे असेल किंवा मोडीतला एखादा कागद न वाचता पडला असेल, त्यांनी तो घेऊन निःसंकोच यावे. दुपारी दोन ते चार सोडून मी घरीच असतो. चहा आमच्याकडून, आणि 'उद्या या' असे मी आता कोणालाही म्हणत नाही.